मुनाफला दिलेलं कफन

मुनाफ गादीवाल्यावर मी चार पानं लिहावीत, ही राजदीपची कल्पना. राजदीप माझा जुना विद्यार्थी. कळंबमधून एक साप्ताहिक काढतो आणि गावातलं एखादं साधं माणूस वारलं की त्याच्यावर पानभर मजकूर देतो. "सर, तुमच्याइतकं मुनाफचाचाले कोन ओयखते?" असं म्हणून त्यानं मला गळ घातली. ओळखतो हे खरं आहे. पण मी लिहीन म्हणजे गोडगोड लिहीन, ही त्याची समजूत चुकीची आहे. मी या माणसावर साठ वर्षं जळलो. लिहायचं तर तेच लिहावं लागेल, दुसरं माझ्याकडे फारसं नाही.

त्याचं पूर्ण नाव शेख मुनाफ शेख दगडू. बसस्टँडच्या मागे टिनाच्या शेडमध्ये त्याचं गाद्यांचं दुकान. कापूस पिंजायचं एक मशीन, गाद्या शिवायला पसरलेलं मोठं ताडपत्रीचं बस्तान, आणि कोपऱ्यात छतापर्यंत कापूस. केसांत कापूस, भुवयांत कापूस, चहाच्या कपातही कापूस. लोक आपल्या दहा-पंधरा वर्षांच्या दगड झालेल्या गाद्या त्याच्याकडे टाकून जात आणि दोन दिवसांनी फुगलेल्या गाद्या डोक्यावर घेऊन हसत परत जात. दुसरं काम तो फुकट करायचा. गावात मुसलमानांमध्ये कोणी पुरुष वारला की त्याला गुस्ल द्यायला, म्हणजे शेवटची आंघोळ घालायला, मुनाफलाच बोलावणं जायचं. मशीन बंद करून, हातपाय धुऊन तो निघायचा. श्रीमंताच्या घरी आणि झोपडीत त्याचा हात सारखाच हळू चालायचा, असं लोक सांगतात. लोक त्याच्याबद्दल फार काही सांगतात.

आणि मी शेख हमीद शेख बुऱ्हान, जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत. रस्त्यात भेटले की नमस्कार करतात आणि चालू लागतात. मुनाफ भेटला की थांबतात. हा फरक मी फार लहानपणापासून पाहत आलो आहे.

चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. मी पहिला यायचो, तो कसाबसा पास व्हायचा. मग त्याच्या बापानं त्याच्या हातात कापूस पिंजायची धनुकली दिली आणि शाळा सुटली. मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच वर्षी थंडीत माझ्या वडिलांनी घरी रजया भरायला दोघा बापलेकांना बोलावलं. दहा वर्षांचं पोर अंगणात बसून धनुकलीची तात छेडत होतं आणि कापूस वर उडत होता. वडील खाटेवर बसून कौतुकानं पाहत राहिले. म्हणाले, या पोराच्या हातात बरकत आहे. माझं प्रगतिपुस्तक त्याच दिवशी आलं होतं. सही करून त्यांनी ते न बघता बाजूला ठेवलं. ती रजई मी त्या वर्षी अंगावर घेतली नाही, थंडीत कुडकुडत झोपलो.

तेव्हापासून माझं एकच चाललं, की एकदा तरी, एखाद्या तरी गोष्टीत, गावानं मुनाफच्या आधी माझं नाव घ्यावं. शिकलो, नोकरी मिळवली, पक्कं घर बांधलं. त्याच्याकडे यातलं काही नव्हतं, म्हणून यात जिंकल्याचं समाधानही मिळेना. लोक ज्या गोष्टीसाठी त्याला मानत होते ती गोष्ट मला करता यायला हवी होती.

ती संधी मला व्याख्यानात मिळाली, असं वाटलं होतं. इस्लामी वर्षातल्या जमादिलाखर महिन्याची बावीस तारीख हा पहिले खलिफा हजरत अबू बकर सिद्दीक यांच्या निधनाचा दिवस मानतात. आमची मशीद कमिटी त्या दिवशी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर शादीखान्यात त्यांच्या आयुष्यावर मराठीतून कार्यक्रम ठेवते. मराठीतून अशासाठी, की गावातले बाकीचे लोकही येतात. राजदीप आणि त्याच्या वस्तीतली मंडळी येतात, सोयाबीन-कापूसवाले सदाशिवराव दर वर्षी पहिल्या रांगेत असतात. बोलायला मीच. एकोणीस वर्षं मीच.

मी तयारी करून बोलतो. हजरत अबू बकर मक्क्याचे कापडाचे व्यापारी. पैगंबर साहेबांचे जिवाभावाचे मित्र, मदिनेच्या वाटेवर गुहेत त्यांच्यासोबत राहिलेले. पैगंबर साहेबांनंतर मुसलमानांनी त्यांना पहिला खलिफा केलं. कारकीर्द जेमतेम सव्वादोन वर्षांची. पण तेवढ्यात फुटायला निघालेल्या टोळ्या त्यांनी एकत्र राखल्या आणि कुरआन एका ठिकाणी लिहून काढायचं काम त्यांच्याच काळात झालं. खलिफा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे खांद्यावर कापडाचे गठ्ठे टाकून बाजाराला निघाले होते, आणि त्यांचे साथीदार हजरत उमरांनी वाटेत अडवून म्हटलं, आता तुम्ही विकत बसलात तर राज्य कोण बघेल. हे सगळं मी सनावळीसकट सांगतो.

आणि एक गोष्ट मी दर वर्षी सांगतोच. एका मोहिमेसाठी पैगंबर साहेबांनी लोकांना मदत मागितली. हजरत उमरांच्या मनात आलं, की आज मी अबू बकरांच्या पुढे जाणार. त्यांनी घरातलं अर्धं सामान आणून ठेवलं. मग हजरत अबू बकर आले. त्यांनी सगळंच आणलं होतं. घरच्यांसाठी काय ठेवलं असं विचारल्यावर म्हणाले, अल्लाह आणि त्याचे रसूल. तेव्हा हजरत उमर म्हणाले, की या माणसाच्या पुढे मला कधीच जाता येणार नाही. ही गोष्ट सांगताना माझा आवाज भरून येतो आणि लोकांना वाटतं मास्तर भक्तीनं गहिवरले. हजरत उमरांशी माझी तुलना करायची माझी लायकी नाही. पण अर्धं सामान घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात काय होत असेल, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मुनाफ मागच्या भिंतीला टेकून ऐकायचा. कार्यक्रम संपला की चहा असतो. मी व्यासपीठावरून उतरेपर्यंत चारपाच जण त्याच्याभोवती जमलेले असत. "ते बकऱ्याईचं लय भारी हाये, नाही?" तो म्हणायचा. "खलिफा व्हाच्या आधी मोहल्ल्यातल्या पोरीइच्या बकऱ्या दोहून देत होते. खलिफा झाल्यावर एक पोरगी म्हणे, आता काही हे दोहत नाही. त म्हणले, काहून नाही, आता बी दोहतो." एवढंच बोलायचा. हे मीच सांगितलेलं असायचं, तासाभराच्या भाषणात मधे कुठेतरी. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर माझ्या सनावळ्या कोणी काढायचं नाही. सदाशिवराव सांगत असायचे, "मुनाफभाऊनं बकऱ्याइची गोष्ट काय सांगतली राजेहो." माझा तिळपापड व्हायचा.

निवृत्तीनंतर मी आणि माझी बायको नसीम हजला जाऊन आलो. मुनाफला ते कधी जमलं नाही. परत आलो तेव्हा बसस्टँडवर हार घेऊन शंभर माणसं. तोही होता. गळ्यात पडला आणि विचारलं, "मास्तर, तिकडं गाद्या कशाच्या असतेत? फोमच्या का कापसाच्या?" सगळे हसले, आणि मग गाद्यांवरच बोलणं सुरू झालं. मी हार घालून उभा. घरी येऊन मी चिडचिड केली तर नसीम म्हणाली, "त्यांनी खरंच विचारलं हो. त्यांना ते जाणून घ्यायचं होतं." आमची घरातली बोली उर्दू, मी मराठीत लिहितोय, पण तिचा सूर मला अजून आठवतो. तिला तो आवडायचा. गावात कोणाला आवडत नव्हता ते सांगा.

हजहून येताना लोक आपलं कफन घेऊन येतात. पांढरं कोरं कापड, जमजमच्या पवित्र पाण्यात भिजवून वाळवलेलं. घरात पेटीत जपून ठेवायचं, आणि आपली वेळ आली की त्याच्यातच गुंडाळलं जायचं. मी दोन आणली, माझं आणि नसीमचं. अत्तराचा फाया घालून प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली. कोणी पाहुणा आला की पेटी उघडून दाखवायचो. मुनाफलाही दाखवली. त्यानं कापड बोटांनी चाचपलं, कामाच्या सवयीनं, आणि म्हणाला, "सूत चांगलं हाये." हेवा वाटलाय का ते मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत होतो. काही सापडलं नाही, आणि त्याचाच मला राग आला.

दोन वर्षांपूर्वीच्या भाषणात मी पहिल्यांदा हजरत अबू बकरांच्या शेवटच्या दिवसांविषयी सविस्तर बोललो. अंगावरच्या जुन्या कापडाकडे बोट दाखवून ते म्हणाले, हे धुवा आणि याच्यातच मला गुंडाळा. लेक हजरत आयेशा म्हणाल्या, हे तर जुनं झालंय. त्यावर ते म्हणाले, नव्या कपड्याची गरज मेलेल्यापेक्षा जिवंत माणसाला जास्त असते. शादीखान्यात मागचे लोकही पुढे सरकून ऐकायला लागले. मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनाफ माझ्या दारात.

"मास्तर, ते जुन्या कपड्याचं खरं हाये काय? का बोलाच्या भरात बोलले?"

"खरं आहे. किताबात आहे," मी म्हणालो. "मी काय मनचं सांगीन काय?"

"नाही, म्हणून इचारलं." तो मान हलवत गेला. आत नसीमला मी म्हणालो, बघ, अडाणी माणसाला गोष्टही पटवून द्यावी लागते. ती भाजी निवडत होती, तिनं वर पाहिलं नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या दिवशी एक परमुलखातला ट्रक ड्रायव्हर आमच्या रस्त्यावर छातीत कळ येऊन गेला. कागदावरून मुसलमान असल्याचं कळलं. घरच्यांनी फोनवर सांगितलं, आम्हाला पोचायला दोन दिवस लागतील, तुम्हीच माती द्या. पोळ्यामुळे गावातली कापडाची दुकानं बंद. कमिटीच्या सेक्रेटरीचा मला फोन आला, "सर, तुमच्याकडं कफन हाये ना? आपन नवं आनून देऊ." मी म्हणालो, अरे, ते जमजमचं आहे, ते कसं देता येईल, यवतमाळला माणूस पाठवा. फोन ठेवून मी बराच वेळ पेटीकडे पाहत बसलो. मन म्हणत होतं दे, आणि हात उठत नव्हता. शेवटी उठलो आणि पेटीपर्यंत गेलोही. तेवढ्यात पुन्हा फोन आला, की राहू द्या, मुनाफचाचांनी स्वतःसाठी घेऊन ठेवलेलं कफनाचं कापड दिलं. त्यानंच त्या ड्रायव्हरला न्हाऊ घातलं. मी जनाज्यात, म्हणजे अंत्ययात्रेत, मागे चालत होतो आणि माझ्या पोटात दुखत होतं, म्हणजे ज्याला पोटात दुखणं म्हणतात ते.

नंतर मी त्याला विचारलं, दुसरं घेतलंस का? "नवं कायले?" तो म्हणाला. "जुनं हाये ना."

या दिवाळीनंतर तो पडला. जन्मभराचा कापूस छातीत बसलेला. यवतमाळच्या डॉक्टरांनी फोटो पाहून घरी न्या म्हटलं. मी दुपारी भेटायला गेलो. जुबेदाभाभी, म्हणजे त्याची बायको, उशाशी होती. मुलगा आसिफ, जो आता दुकान चालवतो, पाय चेपत होता. मुनाफला दम खात खात बोलावं लागत होतं.

"आसिफ, माह्ये नेसाचे दोन जुने तहमद आन ते नमाजाची चादर तुह्या अम्मीनं धुऊन ठेवली. त्याच्यातच नेजा मले. मास्तरनंच सांगतलं होतं, किताबात हाये. नवा कपडा जित्त्या मानसाले लागते."

आसिफ माझ्याकडे पाहायला लागला. मी मान हलवली. काय हलवणार दुसरं. पण त्या खोलीत बसून मला पुढची पन्नास वर्षं दिसायला लागली. शादीखान्यात कोणीतरी दुसरा बोलेल. म्हणेल, हजरत अबू बकरांनी जुन्या कपड्यात माती घेतली, आणि आपल्या कळंबातही एक गादीवाला होता, त्यानंही तसंच केलं. ही गोष्ट गावाला सांगितली मी, आणि ती करून दाखवणारा हा. त्या गोष्टीत माझं नाव कुठेच नसेल. मरतानासुद्धा हा माणूस मला मागे टाकून चालला होता आणि मला धरायला काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तो गेला. दाराशी माणसांची गर्दी झाली, चपलांना जागा नव्हती. आसिफनं बापाची इच्छा सांगितली तेव्हा पुसदहून आलेला त्याचा मामा खवळला. आमचे इमाम, तरुण हाफिजसाहेब, शांतपणे म्हणाले, कपडा पाक असेल तर जायज आहे, धर्माला चालतं, घरच्यांनी ठरवावं. आसिफ माझ्याकडे वळला. "मास्तर, तुम्ही सांगा. अब्बानं तुमचंच नाव घेतलं होतं."

मी फक्त हो म्हणायला हवं होतं. त्या एका शब्दानं सगळं झालं असतं. मी काय बोललो ते इथे जसंच्या तसं लिहितो.

"जायज हाये, त्याच्यात वाद नाही. पन आसिफ, हजरत अबू बकर खलिफा होते. त्याइले कोनी गरीब म्हननार नव्हतं. तुह्या बापाले म्हनतीन. तुले बी म्हनतीन, की पोरानं बापाले नवा कपडा बी देल्ला नाही. तुले हे आयुष्यभर आयकाव लागीन. माह्याकडं माह्यं हजचं कफन हाये. माह्या दोस्तासाठी मी ते देतो."

आसिफच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. छत्तीस वर्षं पोरं सांभाळली आहेत, कोणत्या शब्दानं पोरगं खाली मान घालतं हे मला नेमकं कळतं. त्यानं मान घातली. गर्दीतून कोणीतरी सुभानल्लाह म्हणालं. मामानं माझे दोन्ही हात धरले.

मी घरी धावतच आलो. नसीम जुबेदाभाभीकडे जायला निघाली होती. मी पेटी उघडली तेव्हा तिला सगळं समजलं. "त्यांना हे नको होतं," ती म्हणाली. "तुम्हाला आज त्यांच्या पुढे जायचंय, एवढंच ना?" मी कफन काढून घेतलं आणि निघालो. इतक्या वर्षांत ती मला इतकं स्पष्ट कधी बोलली नव्हती, आणि त्या दिवसानंतर बरेच दिवस फारशी बोललीही नाही.

कफन मी स्वतः उलगडलं. अत्तराचा वास खोलीभर पसरला. म्हातारी माणसं येऊन त्या कापडाला बोटं लावून डोळ्यांना लावत होती. कोपऱ्यात स्टुलावर मुनाफचे दोन तहमद, म्हणजे लुंग्या, आणि चादर घडी घालून ठेवलेली होती, नीळ दिलेली. कोणीतरी बसायला जागा हवी म्हणून ती उचलून आत नेली.

आता जे झालं ते मी साठ वर्षं मागितलं होतं. संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या गटावर जनाज्याचा फोटो आणि खाली मजकूर, की हमीद सरांनी आपलं जमजमचं कफन दोस्ताला दिलं. सदाशिवराव वाटेत थांबून म्हणाले, "मास्तर, असं कोनी करत नाही. तुम्ही त हजरत अबू बकरवानी केलं." राजदीपच्या वस्तीतल्या बायका माझ्याकडे बोट दाखवून लेकरांना सांगायच्या. तीन आठवडे मी गावात फिरलो. चहा नको असताना टपरीवर जाऊन बसलो. कोणी विषय काढला नाही तर मीच मुनाफचं नाव काढायचो, म्हणजे पुढचं ते काढतील. मला फार मजा आली, हे लिहायला मला लाज वाटते, पण आली. पहिल्यांदाच मुनाफच्या गोष्टीत मी होतो, आणि मीच मोठा होतो.

मग जमादिलाखर आला. बावीस तारखेच्या चार दिवस आधी मी टेबलाशी बसून भाषण काढलं. बकऱ्या झाल्या, बाजार झाला, अर्धं सामान झालं. शेवटच्या दिवसांशी आलो आणि पुढे वाचवेना. "नव्या कपड्याची गरज" एवढे शब्द कागदावर होते. हे मी शादीखान्यात उभं राहून कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? ज्यानं ते शब्द खरे करायचं ठरवलं होतं त्याला मी करू दिले नव्हते. मी पान उलटलं आणि पुन्हा सरळ केलं. शेवटी उठून बसस्टँडच्या मागे गेलो.

सकाळची वेळ होती. आसिफ मशीनवर होता, मला पाहून त्यानं बटण बंद केलं. मी ताडपत्रीच्या कडेला बसलो. बोलायची तयारी केली नव्हती.

"आसिफ, त्या दिवशी मी तुले लोकाइच्या नावानं घाबरवलं. तुह्या बापाचं बरोबर होतं. मले त्याच्या पुढं जाच होतं, म्हणून मी माह्यं कफन पुढं केलं. मोठेपना नव्हता तो. जळत होतो मी त्याच्यावर."

आसिफनं हातातला कापूस ढिगावर टाकला. मग म्हणाला, "मी बी मान घातली ना, मास्तर. मले बी लोकाइचं भेव वाटलं."

"ते कपडे कुठं हायेत?" मी विचारलं. खरं सांगतो, मला ते माझ्यासाठी हवे होते. माझ्याकडे आता कफन नव्हतं, आणि मुनाफला ज्यात जायचं होतं त्याच्यात मला जायचं होतं. इतकी वर्षं त्याच्या मागे राहून मला तेही हवं झालं होतं.

"चादर अम्मीनं उशीले चढवली. तहमद मी नेसतो घरी." तो म्हणाला. "चांगले हायेत अजून. फेकाचे कायले?"

मी उठायला लागलो तर त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मास्तर, एक सांगाचं होतं. तुम्ही भेटून गेले ना त्या दिवशी, तुम्ही गेल्यावर अब्बा मले म्हणले, हमीद आपलं कफन आनीन पाह्य. आनलं त नाही म्हनू नको. त्याले जलमभर वाटते का मी त्याच्या पुढं हावो. एक डाव जाऊ दे त्याले पुढं."

बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. मला सगळ्यात आधी राग आला. म्हणजे त्याला माहीत होतं. चौथीच्या वर्गापासून माहीत असेल. त्यानं आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली, ती धुतलेली तीन जुनी कापडं, आणि तीही मी हिसकावून घ्यायच्या आधीच त्यानं मला देऊन टाकली होती. ते पुढे जाणं मी चोरलं असं समजत होतो, आणि ते मला त्यानं हातानं दिलेलं निघालं. कापसाच्या ढिगाशी बसून मी रडलो, आसिफसमोर, म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसा. आणि रडतानासुद्धा माझ्या मनात हेच चालू होतं, की हा यातही माझ्या पुढे गेला, आणि आता त्याला गाठायला तो कुठे सापडायचाही नाही.